गुरुवारचा कोच

रविवारी व्हिएन्नातल्या घरी केक कापता कापता बाबांनी रोझविताला टोमणा मारला, "दर गुरुवारी त्या मानसोपचारवाल्या बाईंच्या कोचावर पडून माझ्या पापांचा पाढा वाचत असशील."

"तुमचं नावही काढत नाही, बाबा."

ते खरंच होतं. वर्षभर ती तिथे नवऱ्याबद्दल, स्वप्नांबद्दल, उडालेल्या झोपेबद्दल बोलत आली होती.

सोमवारी बाबा अचानक गेले. रोझविता मनापासून रडली. दफन झाल्यावर आईने तिला बाजूला घेऊन बजावलं, "गेलेल्या माणसाबद्दल तिथे वेडंवाकडं बोलायचं नाही हं."

पुढच्या गुरुवारी ती कोचावर आडवी झाली. बाई नेहमीसारख्या तिच्या डोक्यामागच्या खुर्चीत वही उघडून बसल्या.

 

"बाबा मला पट्ट्याने मारायचे," रोझविता स्पष्ट आवाजात म्हणाली, "आणि आई रेडिओ मोठा करायची."