पाण्याला शॉक

शहरभरचा कचरा जिथे टाकतात, त्या ढिगाखालून काळं, कुबट पाणी पाझरतं. ते पाणी टाकीत घेऊन त्यात धातूच्या पट्ट्या बुडवून वीज सोडायची आणि त्यातल्याच मिठापासून तयार होणाऱ्या क्लोरीनने ते स्वच्छ करायचं, हे माझं काम. "पाण्याला शॉक देऊन ते सुधारतं होय?" आई म्हणायची. तिची नजर अधू झाली होती, पण नाक शाबूत होतं. मी जिन्यात असतानाच आतून हुकूम सुटायचा, "आधी आंघोळ! त्याशिवाय माझ्या खोलीत पाय ठेवायचा नाही!"

आज मी थेट तिच्या पलंगावर जाऊन बसले, तरी हुकूम आला नाही. तिने माझे ओले केस चाचपले, हुंगले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कामाला दांडी मारून पोहायला गेली होतीस ना? खरं सांग. पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय."

"कामावरच होते गं."

"मग एवढी भिजलीस कशी?"

"टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्याची नळी निसटली. डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊन निघाले."

आईचा हात केसांतच थांबला. "कुठल्या पाण्याने?"

"त्याच! शॉक दिलेल्या!" मला हसू आवरेना.

तिने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. मग भिंतीवर थापा मारत शेजारणीला हाक दिली, "अगं, हातातलं टाक आणि आधी इकडे ये! माझ्या लेकीचे केस हुंगून बघ!"