पन्नासावा गडी

आमच्या गडब गावच्या दवाखान्यातल्या फरझाना सिस्टर नोकरी सांभाळून आरोग्य नेतृत्वाचं मोठं शिक्षण घेतायत, डिग्रीच्या पण पुढचं. पास व्हायला त्यांना पन्नास बाप्यांना आपल्या पायांनी बीपी तपासायला यायला लावायचं होतं. शेवटचा दिवस उजाडला तरी आलेले फक्त सहा. बाकीचे म्हनायचे, "मला काय धाड भरलीय?"

"मोरूभाऊ, मी नापास होनार बघा," सिस्टर रडकुंडीला आल्या.

मी नाक्यावर गेलो आनि चहा पिता पिता एवढंच बोललो, "शेजारच्या जोहेवाल्यांचा बीपी एकशे सत्तरला गेला म्हने. आपल्यात हाय का कोन तेवढा दमाचा?"

अर्ध्या तासात दवाखान्यात जत्रा! दाजी तर कबड्डीची चड्डी घालून आला. गोविंदाचा बीपी नॉर्मल निघाला, तर बिचारा हात जोडून म्हनतो, "सिस्टर, अजून थोडी हवा भरा ना, गावाची इज्जत हाय!"

दुपारी मोजले तर एकोनपन्नास. सिस्टरनी हसत माझ्याकडं बघितलं. "मोरूभाऊ, आता तुमीच बसा."

बसलो. आकडा आला एकशे नव्वद. सिस्टर पास! "जोहे हरलं रे!" म्हनत गड्यांनी मला खांद्यावर उचलला आनि नाचवत रस्त्यावर आनला.

 

मागून सिस्टर बोंबलत धावल्या, "अरे, नाचवताय काय त्यांना? आधी आडवं करा!"