बिनपेन्सिलीचं चित्र

तिसऱ्यांदा खोडताना कागदाला भोक पडलं. वरुणरावांनी खोडरबर टेबलावर आपटला आणि नवा कागद ओढला. एकसष्टाव्या वर्षी ते पेन्सिलीने चित्र काढायला शिकत होते.

बावीस वर्षं मद्रासच्या एका मुलांच्या साप्ताहिकात ते पोन्नीची चित्रकथा काढत आले होते. पोन्नी ही कावेरीवरच्या नावाड्याची पोर. दर आठवड्याला दोन पानं. पेन्सिलीचे चार ठिपके द्यायचे, डोकं इथे, पाय तिथे, की ब्रश सरळ शाईत बुडवायचा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. कॉलेजची मुलं तिथे नुसतं बघायला यायची.

"खोडायचं नाहीच का, सार?"

"हात चुकला तर खोडायचं ना," वरुणराव म्हणायचे. मग आत बायकोला हाक जायची, "भामा, यांना कॉफी!"

भामा जानेवारीत गेली. त्यानंतर हात चुकायला लागला. माणसं ताठ दिसू लागली, झाडं कापून चिकटवल्यासारखी. दोनदा पानं परत आली. साप्ताहिकही पूर्वीचं राहिलं नव्हतं. घरोघरी केबल आली होती आणि नव्या मालकांना गुळगुळीत कागदावर रंगीत पोन्नी हवी होती. संपादक गुरुमूर्ती जुने स्नेही. त्यांनी फोन केला.

"वाईट वाटून घेऊ नका, वरुणराव. साठीनंतर हात कापतोच. तुम्ही नुसती पेन्सिल करून पाठवा. शाईचं इथली पोरं बघतील."

"माझ्या पोन्नीला दुसरे शाई लावणार?"

"नाहीतर ती बंदच होईल. शुक्रवारी पानं माझ्या टेबलावर पाहिजेत."

आज गुरुवार होता. कुरिअरवाला पाच वाजता दुकान बंद करायचा.

दुपारी शांभवी आली. वरुणरावांची ही एकुलती एक लेक पापनाशमला दिली होती. आई गेल्यापासून दर गुरुवारी ती बसने यायची, डब्यात सांबार घेऊन.

"जेवलां का, अप्पा?"

"हे एवढं झालं की."

"काय झालं की? अय्यो, उंदरानं कुरतडल्यासारखे कागद करून ठेवलेत." तिने जमिनीवरचा एक उचलला. "हे काय, कुत्रं?"

"वासरू आहे ते! कावेरीला पूर आलाय. पोन्नी त्याला होडीतून पलीकडे नेतेय."

"मग बांधलंय कोठे त्याला?"

"बांधत नाहीत गं. होडी उलटली तर दोरीसकट बुडेल ते."

"न बांधता उभं राहील का गप? लाथा झाडेल."

"उभं कशाला राहील? बसवलंय. मान तिनं गुडघ्यांत धरलीय."

"आणि वल्हं?"

"उजव्या हातात. डावा हात त्याच्या डोळ्यांवर. पाणी दिसलं की जनावर बिथरतं."

वरुणराव थांबले. डोळ्यांवरच्या हाताचं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. या क्षणापर्यंत ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दर बुधवारी संध्याकाळी भामा स्वयंपाकघराच्या दारात केळफूल निवडत बसायची. ते पुढची गोष्ट सांगायचे. ती एकेक फूल उकलायची आणि अडवायची. पाऊस कुठल्या बाजूनं येतोय? मग केस इकडे कसे उडतील? म्हातारा उकिडवा बसलाय तर त्याची काठी कोठे आहे? वरुणराव वैतागायचे. "चित्रकार मी की तू?" असं ओरडायचे, आणि उत्तर द्यायचे. बाई दोन तास खाते माझे, असं गुरुमूर्तींपाशी कितीदा बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले की ब्रश पाण्यासारखा धावायचा. लोक हाताचं कौतुक करायचे. त्यांनाही ते हाताचंच वाटायचं.

"अप्पा? काय झालं?"

"विचार," ते म्हणाले. "अजून विचार."

"काय विचारू? मला चित्रातलं काय कळतं?"

"तुझ्या आईलाही कळत नव्हतं. विचार तू."

शांभवी समोर मांडी घालून बसली. तीर किती लांब आहे? वासराची आई कोणत्या तीरावर? ती हंबरतेय का? पोन्नी घाबरलीय की नाही? "घाबरलीय. पण वासराला कळू देत नाही," वरुणराव म्हणाले, आणि त्यांनी चार ठिपके देऊन ब्रश शाईत बुडवला. एकदा शांभवी बोलायची थांबली तर त्यांनी मान न उचलता दटावलं, "तोंड चालू ठेव!"

"आईला गप बस म्हणायचां," ती म्हणाली.

"होये," वरुणराव म्हणाले. "म्हणायचो."

चार वाजता दोन्ही पानं झाली. वासरू डोळे झाकून पोन्नीला बिलगलं होतं. पाणी चहूकडून चढत होतं आणि होडी पुढे जात होती. रेघ कुठेच कापली नव्हती.

शांभवीने पानं पंख्याखाली वाळवली आणि पाकिटात घातली. नव्या मालकांनी या वेळी एक छापील कागदही भरून मागितला होता. आता चित्रकथेखाली सगळ्यांची नावं छापून येणार होती. ती भरायला बसली.

"कथा, वरुणराव. शाई, वरुणराव. पेन्सिल कोणाची म्हणून विचारलंय. तुम्ही तर ठिपकेच दिलेत. रेघ मारू?"

वरुणरावांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिथे भामाचं नाव लिहिलं.