सहा डिसेंबरची सुट्टी

परळच्या डेटा सेंटरमधले शेकडो व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघंच, मी आणि वैभव. गणपतीत तो मालवणला गेला की त्याची ड्यूटी मी करायचो, आणि सहा डिसेंबरला मी दादरला पाणीवाटपाच्या स्टॉलवर असलो की माझी तो. नऊ वर्षं असंच चाललं होतं. फक्त त्या दिवशी काहीतरी अडायचं आणि स्टॉलवर मला त्याचे दहा फोन यायचे.

"संघर्ष, तुझ्या डोक्यात आहे ते सगळं एकदा स्क्रिप्टमध्ये लिहून टाक ना रे," यंदा तो म्हणाला. "सर्व्हर आपोआप चालतील. तुला पण त्रास नाही."

तीन महिने खपून मी लिहिलं. सर्व्हर पडला की दुसरा आपोआप उभा राहील. कुणाची नोकरी संपली की त्याचा पासवर्ड आणि गेटचं कार्ड बंद होईल, त्याला आभाराचा मेसेजही जाईल. फक्त आम्हा दोघांपैकी एकाने मंजुरी द्यायची.

सहा तारखेला खरंच एकदाही फोन वाजला नाही. "मित्र असावा तर असा," मी स्टॉलवर सगळ्यांना सांगत सुटलो.

सात तारखेला गेटवर माझं कार्ड चालेना. वैभवला फोन लावायला मोबाइल काढला, तर कालचा एक मेसेज न वाचलेला पडला होता. मजकूर मीच लिहिलेला.



"प्रिय संघर्ष, आजवरच्या सेवेबद्दल मनापासून आभार. मंजुरी: वैभव."