शिवरात्र कुणी धरली होती

"आधी तिच्या तोंडात घास, मग तुझ्या. दुस्काळ असो का सुकाळ. पाळशील न्हवं?"

सासूनं, आत्याबाईनं, शेवटच्या दुखण्यात एवढंच मागितलं होतं. भिवराबाईनं तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं, आणि तेव्हापासून दावणीच्या कपिली गाईनं खाल्ल्याशिवाय स्वतः तुकडा मोडला नव्हता.

काल महाशिवरात्र झाली. निरंकार उपास. आज सोमवार, पारण्याचा दिवस. भाकरी फडक्यात बांधून ती सोसायटीच्या चारा छावणीवर आली, तशी कपिली मान वळवून हंबरली. काल कचेरी बंद, म्हणून शनिवारीच दोन दिवसांचा चारा वाटलेला. तो केव्हाच संपला होता. भिवराबाई खिडकीशी गेली. कम्प्युटरची चिठ्ठी घेतली की वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या मिळायच्या, आणि दहाच्या पुढं चिठ्ठी नाही, हा नियम सगळ्या बायांना पाठ होता.

भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. तरी सचिव मोहनरावांनी खिडकीची फळी निम्मी ओढलेली.

"साडेधा झाले. बंद," ते म्हणाले.

रांगेतल्या छबुबाईनं भिंतीकडं बोट दाखवलं. मोहनरावांनी कम्प्युटरकडं दाखवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, गंमत सांगावी तसं. नवा कम्प्युटर बसवला तेव्हा त्याच्यात देश अमेरिकाच राहून गेला होता. तिकडं उन्हाळा जवळ आला की सगळा मुलूख घड्याळं तासभर पुढं करतो, म्हणून हाही आपोआप उडी मारतो. जुन्या कम्प्युटरातही देश अमेरिकाच होता, पण तो ही उडी एप्रिलात मारायचा. तेव्हा ते आठवणीनं वेळ मागं घ्यायचे. पण मधल्या काळात तिकडल्या सरकारनं तारीखच बदलून मार्चात आणली. जुन्याला ते ठाऊक नव्हतं, नव्याला होतं. कालच्या रविवारी त्यानं उडी मारली.

"आमची जनावरं कधी गेलती बाई अमेरिकेला?" छबुबाई म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

भिवराबाई हसली नाही. वेळ मागं घ्या, एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. मोहनरावांनी मान हलवली. सकाळपासूनच्या चिठ्ठ्यांवर पुढची वेळ छापली गेली होती. आता मागं घेतली तर एकाच दिवसाच्या वेळा उलट्यासुलट्या दिसतील, आणि तपासणीचा साहेब त्यांचं मानगूट धरील. उद्या आल्या आल्या आधी वेळ नीट करू.

त्यांच्या पाठीमागं, जाळीच्या पलीकडं, हिरव्या वाढ्याचा ढीग छातीएवढा रचलेला होता. त्याचा वास खिडकीतून बाहेर येत होता. दावणीवरची जनावरं त्याच वासाकडं तोंड करून उभी होती.

"एक दिसाचा तर प्रश्न हाय," मोहनराव म्हणाले. "तुमी बाया उपासतापास करताच की."

भिवराबाईच्या कानशिलात रक्त चढलं. या माणसाला उडी माहीत होती. आपलं मानगूट त्याला सांभाळायचं होतं, आणि त्यापायी मुक्या जिवांच्या पोटावरनं तो खुशाल दिवस ढकलत होता.

"शिवरात्र मी धरलती, मोहनराव," ती म्हणाली. "गाईनं न्हवती धरली."

फळी खाली आली. आतून कडी लागली.

भिवराबाईनं त्या फळीवर तळहात आपटला. एकदाच. बाया दचकून मागं सरल्या. हिचा चढलेला आवाजसुद्धा गावानं कधी ऐकला नव्हता.

मग ती कपिलीजवळ गेली. भाकरीचं फडकं तिनं दावणीच्या मेढीला टांगलं आणि गाठोडं बांधायची दोरी कमरेला गुंडाळली. गावाबाहेरच्या सडकेनं साखर कारखान्याला उसाच्या गाड्या जात. वळणावर, खड्ड्यावर चार वाढे सांडत, ते वेचून आणायचे.

छबुबाई मागं आली. कालपासून पोटात पाणी नाही, उन्हात चक्कर येऊन पडशील, असं तिनं बजावलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "चतकोर भाकर घाल तिच्या तोंडात. झाला घास. दे पारणं सोडून."

"आत्याबाईनं घास द्यायला सांगितलता, छबू. तोंड पुसायला न्हाई."

पदर डोक्यावर ओढून ती चालू लागली. कपिली मेढीवरचं फडकं हुंगत राहिली.

भिवराबाई सडकेला लागली, तेव्हा मागं बंद खिडकीच्या वरचं घड्याळ दहाचे टोले देऊ लागलं.