आरतीनंतरच्या टाळ्या

नसलेले आवाज आता ऐकू येत नाहीत, एवढंच देवव्रतने म्हणायचं होतं. बदल्यात रेल्वेतली नोकरी परत मिळणार होती आणि बायको घरात राहणार होती. सौदा वाईट नव्हता.

ब्याण्णवच्या गणपतीत मेहुणा प्रल्हाद मुद्दाम देवव्रतच्या, नदीवरच्या राजा घाटाजवळच्या घरी आला. आरतीपेक्षा त्याचं लक्ष जिजाजींकडेच जास्त. इस्पितळातून आलेले जिजाजी बरे दिसले नाहीत, तर तो बहिणीला नागपूरला नेणार होता.

आरती संपली. सगळ्यांनी हात जोडले.

मागच्या बंद खोलीत टाळ्या चालूच राहिल्या. संथ, आजारपणात ऐकू यायच्या त्याच.

देवव्रत निरांजनाकडे बघत राहिला.

“अहो,” कस्तुरी कुजबुजली, “टाळ्या ऐकू येतायत का तुम्हाला?”

आजारपणात हाच प्रश्न तो तिला रोज विचारायचा.

“नाही,” तो म्हणाला.

“जिजाजी तो एकदम फिट हैं!” प्रल्हाद हसला.

“प्रल्हाद, तुलाही नाही?”

प्रल्हादचं हसू थांबलं. इतके महिने जिजाजींकडे बघायचा, तसा तो बहिणीकडे बघू लागला.

देवव्रतला सगळं परत मिळालं. किंमत कस्तुरीने मोजली. ती आता एकटीच त्या दाराकडे बघत होती, आणि टाळ्या दाराच्या अलीकडे आल्या होत्या.