आभाळातला हात

“मावशी, खिडकी लावू नका ना! अजून दोघं उभे आहेत बाहेर!”

“राहू देत उभे. पळून नाही जात,” म्हणत तिकीटवाल्या मावशींनी खिडकी खाली ओढली आणि दुखरा गुडघा सांभाळत लगबगीने हॉलच्या दाराकडे निघाल्या.

ठिणगीने कपाळाला हात लावला. दर रविवारी हेच!

ठिणगी थिएटरमालकाची भाची. शाळेला सुट्टी म्हणून रविवारी दारावर तिकिटं फाडायची. मामाचं थिएटर एवढंसं, खुर्च्या कुरकुरणाऱ्या, तरी रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. कारण एकच, ‘विजेरीवीर’.

सिनेमा म्हणजे नुसता आनंदीआनंद! वीराच्या छातीवर विजेरी बांधलेली, पाठीवर सोफ्याचं कव्हर, डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी. तो वाचवतो ते शहर साबणाच्या खोक्यांचं. एका उंच इमारतीवर तर ‘एकावर एक मोफत’ असं चक्क वाचता येतं. खलनायक धमकी देता देता सुटलेली मिशी दाबून चिकटवतो. आणि “थांब, दुष्टा! माझी बॅटरी अजून संपलेली नाही!” हे वीर म्हणायच्या आधीच अख्खा हॉल ओरडून मोकळा होतो. चांगला सिनेमा गप्प बसून बघावा लागतो. हा सगळ्यांनी मिळून पुरा करायचा असतो.

सगळ्यात मोठा हशा उड्डाणाला. चादरीवर रंगवलेल्या आभाळात वीर दोरीला लटकत निघतो आणि मध्येच अडकतो. मग वरच्या कोपऱ्यातून एक जाडजूड हात येतो, अडकलेलं सोफा-कव्हर हळूच सोडवतो, नीट सारखं करतो आणि गायब होतो. “हात आला रे आला!” लोक थिएटर डोक्यावर घेतात.

मावशी मात्र दाराशी उभ्या. हसत नाहीत. डोळ्यांना रुमाल लावतात. उड्डाण संपलं की गुपचूप परत खिडकीत.

ठिणगीला काही केल्या उमगेना. आवडत नाही तर येतात कशाला? आवडतं तर हसायला काय होतं?

“मामा, मावशी ह्या सिनेमात होत्या का रे? ती किंचाळणारी राजकन्या?”

“मावशी आणि राजकन्या? हळू बोल, ऐकलं तर तुलाही तिकीट काढायला लावतील.”

“सांग ना!”

“मला काय माहीत? मी थिएटर घेतलं तेव्हापासून त्या खिडकीत आहेत. स्वतःबद्दल एक अक्षर बोलतील तर शपथ.”

मग ठिणगीने सरळ मावशींनाच गाठलं. त्या तिकिटांची चळत लावत होत्या.

“मावशी, तो हात बघून तुम्हाला हसू नाही येत?”

“एवढे लोक हसतात, ते पुरे नाही का?”

“हसणारच ना! कुणा वेंधळ्याने भलत्या वेळी हात घातलाय मध्ये.”

“वेंधळे तर होतेच,” मावशी म्हणाल्या आणि चळत उगाच पुन्हा उलटी लावायला घेतली.

ठिणगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीर! तो टोपीवाला वीर मावशींचा कुणीतरी असणार. भाऊ, नाहीतर आणखी कुणी. आपल्या माणसाचं दर रविवारी असं हसं झालेलं कुणाला बघवेल? तरी बिचाऱ्या येतात, बघतात, गिळून गप्प बसतात.

आणि आता तर मावशी चालल्या होत्या. गुडघा ऐकेना, म्हणून काम सोडून आपल्या भाचीकडे, दूरच्या गावी. येता रविवार शेवटचा.

ठिणगीने ठरवलं, मावशींचा वीर एकदा तरी ताठ मानेने उडाला पाहिजे! चित्रातलं नको ते पुसायला ती शाळेतल्या व्हिडिओ क्लबात शिकलीच होती. सिनेमाचं रीळ केव्हाच चिकटून बाद झालं होतं; मामाच्या कॉम्प्युटरमध्ये होती ती एकच फाईल. ठिणगी आठवडाभर डोळे फोडून बसली. आधी दोरी पुसली, मग हात, मग वीर अडकतो तो तुकडाच कापला. जागा नाही म्हणून कॉम्प्युटरने कुरकुर केली, तेव्हा तिने जुन्यावरच नवीन चढवलं. जुनं हवंय कुणाला?

रविवारी हॉल खच्चून भरला. मावशींनी खिडकी लावली, दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ठिणगी मुद्दाम त्यांना खेटून उभी.

वीराने उडी मारली. लोक ओरडायला तोंड उघडून तयार. आणि वीर उडाला! सरळ, सुळकन, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

उघडलेली तोंडं तशीच राहिली. कुणी हसलं नाही. मागून एकजण म्हणाला, “अरे? झालं?” एका टाळीला दुसरी टाळी मिळेना. ठिणगी गोंधळली. एवढं झकास उड्डाण, आणि हे असे काय बघतायत?

जाऊ दे, लोकांसाठी कुठे केलं होतं! तिने मावशींकडे पाहिलं. पडद्यावर खलनायकाची मिशी सुटली होती, हॉल पुन्हा खिदळायला लागला होता. मावशी मात्र अजून पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडेच बघत होत्या.

“मी केलं मावशी, तुमच्यासाठी!” ठिणगी कुजबुजली. “आता कुणी कध्धीच हसणार नाही त्यांना. कायमचं पुसून टाकलंय. आवडलं?”

मावशींनी तिचं मनगट धरलं.

“आमचे हे कुठे गेले गं?” त्या म्हणाल्या. “तेवढा हातच तर उरला होता त्यांचा.”